जयवंताबाईंची शिडी आणि माझा ईशान्य कोपरा

जयवंताबाईंनी माझ्याकडे विश्वासाने एकच कागद दिला होता, आणि तो मी समोरच्या अख्ख्या हॉस्टेलला दाखवला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी स्वतःला शहाणा दाखवायचा प्रयत्न करणार आहे, वाचणाऱ्याने फसू नये.

मी किशनराव. नल्लकुंट्यात पहिल्या मजल्यावर माझं वधूवर सूचक केंद्र आहे. आमचे आजोबा भालकीकडे ज्वारी पिकवायचे, वडील हैदराबादेत कारकून झाले आणि मी सोयरिकी जमवतो, म्हणजे घराणं पिढीगणिक घसरतच आलं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं आपल्यात म्हणतात. घर मला बांधता आलं नाही, म्हणून दुसऱ्यांची लग्नं करतो.

जयवंताबाई अंबरपेठेत राहतात. वय एकोणपन्नास, अंगाने सडपातळ, आवाज मात्र पोलीस ठाण्यातला. लहान दुकानांत वायफाय बसवून देणं हा त्यांचा धंदा. औषधाची दुकानं, टिफिन सेंटरं, शिकवणीचे क्लास, ब्यूटी पार्लर, सगळीकडे त्यांना अक्का म्हणतात. त्यांच्या कार्डावर नाव आहे, नंबर आहे आणि खाली छापलंय, 'वायफाय बसवून मिळेल. सांगितलेलं ऐकणार असाल तर.' मी ते कार्ड पाहून हसलो होतो. नंतर हसायचं कारण राहिलं नाही.

त्यांना बोलवावं लागलं त्याचं कारण धंद्याचं होतं. इंटरनेटवाल्याची पेटी मागच्या खोलीत संडासाच्या भिंतीला होती. तिची रेंज अर्ध्या ऑफिसपर्यंत यायची, नेमकी मुलीकडचे बसतात त्या सोफ्यापर्यंत. मुलाकडच्यांच्या सोफ्यावर काही नाही. वरपक्षाला रेंज नसणं हा केवढा अपमान असतो ते या धंद्यात असल्याशिवाय कळायचं नाही. एका वरपित्याने तर मान वाकडी करून सांगितलं, आमची बसायची सोय मुद्दाम अशी केली का.

जयवंताबाई आल्या त्या ऑटोतून, दोन्ही बाजूंनी शिडी बाहेर काढून. जिना चढून वर आल्या, पाणी प्यायच्या आधी सगळ्या ऑफिसात फोन हातात धरून फिरल्या, मग मधोमध उभ्या राहून छताकडे बोट दाखवलं. इथं, म्हणाल्या. पांढरं गोल डबडं, इडलीपात्राच्या झाकणाएवढं. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. ते छताच्या मध्यावर असलं की चारी बाजूंना सारखं पोचतं आणि खिडकीबाहेर कमी सांडतं, असं त्यांनी समजावलं. मला कळलं एवढंच की आता दोन्ही सोफ्यांना समान वागणूक मिळणार.

शिडी धरायला त्यांनी मलाच लावलं. मी एका हाताने धरली, दुसऱ्या हातात माझा फोन. वरून, खाली न बघता, त्या म्हणाल्या, "किशनराव, शिडी धरायची म्हंजे दोन्ही हातानं. अन् तोंड बंद."

मी फोन खिशात टाकला. भोक पाडता पाडता त्यांनी आपली हकिकत सांगितली, मी विचारली नव्हती तरी. वडील देगलूरकडून सिकंदराबादला रेल्वेत आलेले. नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन. रविवारी तो खासगी कामं घ्यायचा आणि जयवंताबाई शिडी धरायला सोबत जायच्या. बारा वर्षं त्यांनी शिडी धरली आणि खाली उभं राहून बघता बघता सगळं काम शिकल्या. मग तो काविळीने गेला, मुलगा गौतम तेव्हा अकरावीत. तेराव्या दिवसाचं वगैरे आमच्यात नसतं, म्हणाल्या, पंधराव्या दिवशी मी शिडी चढले. खाली धरायला कुणी नव्हतं म्हणून भिंतीला दोरीने बांधली.

वायफायचं काम त्यांनी शिस्तीत केलं. डबड्याला कंपनीतून येतानाच एक पासवर्ड असतो, तो दुनियेला ठाऊक असतो, म्हणून पहिल्यांदा तो बदलला. नवा कोणता ठेवायचा विचारल्यावर मी म्हणालो, सरुबाई, आमच्या मंडळींचं नाव. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. सरुबाईंचं नाव तुमच्या पाटीवर हातभर अक्षरांत लिवलंय, म्हणाल्या, प्रोप्रायटर म्हणून. मग माझ्याकडून एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द काढून घेतले. मी वांगं, सायकल, मावशी आणि चौऱ्याण्णव दिले. तो ऑफिसचा पासवर्ड झाला.

पाहुण्यांसाठी वेगळं जाळं केलं, त्याला वेगळा पासवर्ड. पाहुण्याला इंटरनेट मिळेल, पण ऑफिसचा कंप्युटर दिसणार नाही. तो पासवर्डही भिंतीवर लिहायचा नाही, मागेल त्याला द्यायचा आणि महिन्याला बदलायचा. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या की तुमच्या दोन कंप्युटरांत मिळून जे सामायिक फोल्डर आहे, सगळ्यांच्या बायोडाटांचं, त्याला कुलूपच नाही, तेवढं लावून घ्या. मी म्हणालो, आठवड्यात करतो. आमच्या हैदराबादेत 'आठवड्यात' याचा अर्थ काय होतो ते त्यांनाही माहीत होतं, पण दुसऱ्या दुकानाची वेळ झाली होती.

दोन महिन्यांनी त्या सहज तपासायला आल्या. सगळं ठीक होतं. जाताना ड्रिलच्या पेटीतून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. आमच्याच केंद्राचा फॉर्म, कधीतरी माझ्या टेबलावरून उचललेला, स्वतःच्याच नावाने, हाताने भरलेला. त्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. कागद कपाटात ठेवायचा, म्हणाल्या, कंप्युटरमध्ये नाही. कुणी योग्य वाटलं तर मला एकटीला फोन करायचा. "गौतमला मी सांगंन. माझ्या टायमानं."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. आणि त्या जिना उतरल्यावर कागद स्वप्नाकडे दिला. स्वप्ना म्हणजे माझी ऑफिसातली मदतनीस. आमची पद्धत अशी की फॉर्म आला की पहिल्यांदा स्कॅन होतो, मग कपाटात जातो. वीस वर्षांची पद्धत आहे. कागद हरवतो, कंप्युटर हरवत नाही, असं मी लोकांना अभिमानाने सांगायचो. कंप्युटरमध्ये नको हे त्या बाईंनी मला स्पष्ट मराठीत सांगितलं होतं आणि मी ते पद्धतीच्या नादात गिळून टाकलं. त्या वेळी मला काही वाटलंही नाही, त्याचा मला आज राग येतो.

त्यानंतरच्या महिन्यात माझ्या तीन सोयरिकी ओळीने मोडल्या. एक मुलगा दुसरीच्या प्रेमात होता. एका मुलीला मुलाचं बोलणं आवडलं नाही. तिसऱ्या ठिकाणी बापाला मोटार पाहिजे होती. कारणं अशी उघड होती, पण उघड कारणांवर समाधान मानणारा माणूस वधूवर केंद्र कशाला चालवील. तेव्हाच एक हणमंतराव म्हणून वरपिते आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, म्हणजे वास्तुशास्त्राला पूर्ण मोकळे. सोफ्यावर मान मागे टाकून त्यांनी छतावरच्या डबड्याचा दिवा बघितला आणि मला म्हणाले की ब्रह्मस्थानात हा कसला जळता डोळा टांगलाय. खोलीचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, तो रिकामा पाहिजे. यंत्र असेल तर ईशान्येला.

मला ते एकदम पटलं. हैदराबादेत घर घेताना माणूस पाण्याचं विचारील न विचारील, ईशान्य विचारतो. दुसऱ्याच दिवशी वीजवाल्याला बोलावून डबडं ईशान्य कोपऱ्यात हलवलं. सरूने त्याला हळदकुंकू लावलं आणि खाली लिंबूमिरची बांधली. आमच्या ईशान्येला खिडकी आहे आणि खिडकीसमोर चार हातांवर पोरांचं हॉस्टेल आहे, हे मला माहीत होतं. त्याचा वायफायशी काही संबंध असतो हे माहीत नव्हतं.

जागा बदलल्यावर डबडं काही चालू होईना. वीजवाल्याने मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबून धरली, तसं ते चालू झालं, अगदी कोरं होऊन. म्हणजे जयवंताबाईंनी बांधलेलं सगळं पुसलं गेलं. दोन जाळ्यांचं एक झालं. नवा पासवर्ड वीजवाल्याने विचारला आणि मी सरूचं नाव आणि जन्मसाल सांगितलं. मग स्वतः खडू घेऊन गणपतीच्या तसबिरीखालच्या फळ्यावर तो मोठ्या अक्षरात लिहिला. पाहुण्याला पाणी मागायला लावू नये, तसा पासवर्डही मागायला लावू नये, असं मी स्वप्नाला ऐकवलंसुद्धा. त्या आठवड्यात एक सोयरीक जमली. मी हणमंतरावांना पेढे पाठवले.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक उंच पोरगा आला. गळ्यात हायटेक सिटीतल्या कुठल्या तरी कंपनीचं ओळखपत्र. मी त्याला मुलाकडच्या सोफ्यावर बसवलं आणि मनात पगाराचा अंदाज बांधायला लागलो. त्याने फोन माझ्यासमोर धरला. त्यावर जयवंताबाईंचा फॉर्म होता, फोटोसकट.

"अंकल, मी गौतम," तो म्हणाला. "हे माझ्या मम्मीचं आहे ना?"

माझ्याकडे ऐन वेळी सांगायला पाच-सहा खोट्या गोष्टी कायम तयार असतात, धंद्याची गरज आहे. त्यातली एकही तोंडात आली नाही. गौतमने सांगितलं ते असं. त्याचा दोस्त हेमंत समोरच्या हॉस्टेलात राहतो. पासवर्ड तिथल्या पोरांनी आमच्या फळ्यावरूनच वाचला, खिडकीतून. फुकट वायफायवर सिनेमे बघता बघता कुणाला तरी आमचं फोल्डर दिसलं, आणि गेले आठ दिवस पोरं रात्रीच्या जेवणानंतर मुलींचे फोटो बघत बसलेली. काल हेमंतला त्यात ओळखीचा चेहरा दिसला. त्याला लाज वाटली, म्हणून त्याने गौतमला कळवलं.

एकशे अडतीस मुली आणि बायका, त्यांचे फोटो, पत्ते, बापांचे नंबर, आणि त्यांत ही एक, जिने नको म्हणून सांगितलं होतं. आता हा पोरगा आईला काय काय ऐकवणार, आणि ती बाई पुन्हा कुठल्या तोंडाने कुणाला असा कागद देणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

गौतम मात्र भांडायला आला नव्हता. त्याची शाळा तेलुगू आणि इंग्रजीतली, मराठी तो अक्षर अक्षर लावून वाचतो. "नाव समजलं, उमर समजली," तो म्हणाला. "आखरी लाइन नाही समजली. तुम्ही पढून सांगा जरा."

शेवटची ओळ म्हणजे अपेक्षेचा रकाना. खरं सांगतो, तो रकाना मी कधी वाचत नाही. वीस वर्षांत कुणी नवी अपेक्षा लिहिलेली नाही. निर्व्यसनी, सुशिक्षित, स्वतःचं घर, आणि ज्यांना काहीच नको असतं त्यांना सगळंच पाहिजे असतं. मी वय, उंची आणि पगार बघतो. जयवंताबाईंचाही रकाना मी वाचला नव्हता. चष्मा लावून त्यांच्या मुलासमोर पहिल्यांदा वाचला, मोठ्याने.

"शिडी धरता आली पाहिजे. दोन्ही हातांनी. बाकी काही नको."

गौतमने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग आपण होऊन बोलला, थांबत थांबत. ऑफिसात तो सांगतो की मम्मी नेटवर्किंगमध्ये आहे. दोस्त घरी आले की तो तिला आधी फोन करून विचारतो, शिडी घेऊन कधी येणार, म्हणजे ती यायच्या आत दोस्तांना कटवता येईल. नोकरी लागून तीन वर्षं झाली, हे काम आता नक्को म्हणून दर महिन्याला भांडतो. शिडी मात्र त्याने एकदाही धरली नव्हती. हे सांगताना त्याचे डोळे भरले आणि माझेही, पण माझ्या रडण्याला तिथे काही किंमत नव्हती.

कागद बाहेर गेल्याचं मम्मीला माहीत नाही, तो म्हणाला, तुम्ही सांगता का मी सांगू. मी सांगतो म्हणालो आणि तिथेच फोन लावला. त्या वर्षातलं ते माझं सगळ्यात मोठं धाडस होतं. जयवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, डबडं कुठं आहे. ईशान्येला, मी म्हणालो. फोन बंद झाला.

अर्ध्या तासात जिन्यावर शिडी आपटल्याचा आवाज आला. त्यांनी मुलाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. पहिल्यांदा डबड्याची वायर उपटली. मग ओल्या फडक्याने फळा पुसला. मग स्वप्नाच्या खुर्चीवर बसून बायोडाटांच्या फोल्डरला कुलूप घातलं, जे मी आठवड्यात घालणार होतो, आणि आपला स्वतःचा फॉर्म त्यातून काढून टाकला. ते करता करता फोल्डरच्या आतले फोल्डर त्यांना दिसले. मराठा वेगळे, लिंगायत वेगळे, ब्राह्मण वेगळे, बौद्ध सगळ्यात खाली. ते मी फार काळजीने लावले होते, एकातला कागद दुसऱ्यात कधी गेला नाही. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"माणसामाणसांत एवढ्या भिंती घातल्या तुमी, किशनराव. जिथं एक पाहिजे होती तिथली तेवढी पाडली."



गौतमला त्यांनी हॉस्टेलवर पाठवलं. तो आणि हेमंत खोलीखोलीत उभे राहून पोरांच्या फोनमधले फोटो काढून टाकायला लावत होते. तरी सगळं गेलं असेल का, मी विचारलं. बाहेर पडलेलं परत येत नसतं, त्या म्हणाल्या, आता दार लावायचं आणि ज्यांच्या घरचं गेलं त्यांना सांगायचं. मी म्हणालो, सांगितलं तर केंद्र बंद पडेल. मग पडू द्या, म्हणाल्या, आणि रिसीव्हर उचलून माझ्या हातात दिला. पहिला फोन मी त्यांच्यासमोर केला. मुलीच्या बापाने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की त्या हॉस्टेलात आपल्यातलं, नोकरीला असलेलं कुणी आहे का. सगळे असे निघाले नाहीत. पुढच्या तीन दिवसांत मी एकशे सदतीस घरी फोन केले आणि जे ऐकलं ते माझ्या लायकीचं होतं. बावीस जणांनी कागद परत नेले.

त्या दुपारी गौतम हॉस्टेलवरून आला तेव्हा जयवंताबाईंनी शिडी खोलीच्या मधोमध उघडली होती, ब्रह्मस्थानात, नेमकी. मी सवयीने पुढे झालो. तोवर गौतमने जाऊन शिडी धरली होती, दोन्ही हातांनी, तोंड बंद. त्या पहिल्या पायरीवर थांबल्या. त्याच्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फोनवर आखरी लाइनीचं सांगितलं नव्हतं, पण त्या समजल्या. मग वर चढल्या. छतातली जुनी भोकं तशीच होती, स्क्रू मी एकेक करून वर दिले. सरूचं हळदकुंकू त्यांनी पदराने पुसलं नाही, राहू दिलं. लिंबूमिरची तेवढी माझ्या हातात आली.

खाली उतरल्यावर दोन जाळी परत बांधून झाली, नवे पासवर्ड झाले, आणि मग त्यांनी हात पुढे केला. कागद, म्हणाल्या. मी कपाटातून काढून दिला. मला वाटलं, फाडणार. गौतमलाही तसंच वाटलं असावं, कारण तो चटकन म्हणाला, "मम्मी, राहू दे ना तो."

त्यांनी माझ्या खिशातलं पेन घेतलं. शेवटची ओळ खोडली, खाली दुसरं काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. "वाचा," म्हणाल्या. "त्याला ऐकू जाईल असं."

मी वाचलं. "शिडीचं झालं. दिलेली वस्तू सांगितली तिथंच ठेवणारा पाहिजे."

गौतम हसला. मी नाही. जयवंताबाईंनी पेन माझ्या खिशात परत खोचलं आणि मायलेक शिडी एकेका टोकाला धरून जिना उतरले, वळणावर ती भिंतीला दोनदा आपटली. मी कागद कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली सरूकडे दिली.